लिनक्स डेस्कटॉप मधूनच हँग होतो: आधी काय थांबलंय ते ओळखा, मग उपाय करा

स्क्रीन थिजली की बहुतेकांचा हात थेट पॉवर बटणाकडे जातो. ते दाबून धरलं की मशीन बंद होतं, पुन्हा सुरू होतं, आणि बिघाड कुठे होता हे सांगणारी निम्मी माहिती त्याच क्षणी नाहीशी होते. दुसरी सवय याहून घातक आहे. कुणीतरी कुठेतरी सुचवलेले चार-पाच कर्नल पॅरामीटर (कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सुरू होताना दिलेल्या सूचना) एकदम ग्रबमध्ये, म्हणजे लिनक्स बूट करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चिकटवायचे आणि बघायचं काय होतं ते. हँग थांबला तरी कशामुळे थांबला हे कळत नाही. थांबला नाही तर ते पॅरामीटर वर्षानुवर्षं तिथेच पडून राहतात, बॅटरी खातात आणि पुढचे बिघाड झाकून ठेवतात.

या लेखातली पद्धत उलटी आहे. मशीन थिजलेलं असतानाच दोन मिनिटं तपासणी करायची, कोणता थर मेला ते ठरवायचं आणि फक्त त्याच थराच्या मागे लागायचं. उबंटू, डेबियन, फेडोरा, आर्च, मिंट यांपैकी काहीही असलं तरी मूळ गोष्टी सारख्याच आहेत.

कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लहान अक्षरांत टाइप करायची. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे. जिथे प्रशासकाचे अधिकार लागतात तिथे आधी ‘सुडो’ जोडावं.

## पायरी १: थिजलेल्या मशीनची नाडी तपासा

गाणं चालू होतं का? ते व्यवस्थित पुढे वाजत असेल तर कर्नल जिवंत आहे, प्रोसेसर काम करतोय आणि बिघाड बहुधा चित्र दाखवणाऱ्या थरात आहे. आवाजाचा एकच तुकडा ‘टर्र टर्र’ असा पुन्हा पुन्हा वाजत असेल तर गोष्ट गंभीर आहे. साउंड कार्ड आपल्या बफरमधला शेवटचा तुकडाच गिरवत बसलंय आणि त्याला नवीन डेटा देणारं कुणी उरलेलं नाही, असा त्याचा अर्थ.

मग कॅप्स लॉक दाबून दिवा बदलतो का ते पाहा. इथे एक गैरसमज सर्रास दिसतो. दिवा बदलला नाही म्हणजे कर्नल मेलं, असं सरसकट सांगितलं जातं. ग्राफिकल सेशनमध्ये तो दिवा एक्स सर्व्हर किंवा वेलँडचा कंपोझिटर (पडद्यावरचं चित्र सांभाळणारा प्रोग्रॅम) चालवतो. त्यामुळे दिवा बदलला तर डेस्कटॉपचा तो भाग जिवंत आहे हे नक्की, पण बदलला नाही तर फक्त कंपोझिटर अडकलेला असण्याचीही शक्यता उरते.

आता कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळ्या पडद्यावर लॉगिन आलं तर काम सोपं झालं. तिथून लॉगिन करून ‘टॉप’ चालवा आणि काय चाललंय ते पाहा. ग्राफिकल सेशनवर परत जायला तेच जोड एफ१ किंवा एफ२ बरोबर दाबायचे.

सगळ्यात खात्रीची तपासणी दुसऱ्या मशीनवरून होते, आणि तिची तयारी आधीच करून ठेवावी लागते. ‘ओपनएसएसएच-सर्व्हर’ (आर्चवर ‘ओपनएसएसएच’) हे पॅकेज टाका, सेवा चालू करा (उबंटू-डेबियनवर तिचं नाव ‘एसएसएच’, फेडोरा-आर्चवर ‘एसएसएचडी’) आणि मशीनचा आयपी पत्ता लिहून ठेवा. दुसरा कॉम्प्युटर नसेल तर फोनवरचं एसएसएच अ‍ॅपसुद्धा चालतं. हँग झाला की आधी पिंग (मशीन नेटवर्कवर उत्तर देतं का ते पाहणारी कमांड), मग एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन).

पिंगला उत्तर येतं, एसएसएचने आत जाता येतं, फक्त स्क्रीन मेली आहे: ग्राफिक्सचा बिघाड. पायरी ५ पाहा.

पिंगला उत्तर येतं पण एसएसएच लॉगिन अर्धवट लटकतं: पिंगचं उत्तर कर्नल स्वतःच देतं, त्याला डिस्क लागत नाही, लॉगिनला लागते. म्हणजे डिस्क तरी अडकली आहे किंवा मेमरी तरी संपली आहे. दोन्हींतला फरक डिस्कच्या दिव्यावरून कळतो. दिवा अखंड पेटलेला आणि माउस काही सेकंदांनी एकदा उडी मारतोय, तर मेमरी. दिवा पूर्ण शांत, तर डिस्कचा कंट्रोलर किंवा अडकलेलं नेटवर्क ड्राइव्ह.

पिंगलाही उत्तर नाही आणि आवाज तुकड्यावर अडकलाय: कर्नल किंवा त्याखालचं हार्डवेअर. मात्र फक्त वायफाय ड्रायव्हर कोसळला तरी पिंग बंद पडतं, तेव्हा एवढ्या एकाच खुणेवर निकाल देऊ नका.

## पायरी २: पॉवर बटणाऐवजी सिसआरक्यू

कर्नलमध्ये एक मागचा दरवाजा आहे. ऑल्ट आणि सिसआरक्यू (बहुतेक कीबोर्डवर तीच प्रिंट स्क्रीनची कळ) दाबून धरून एक अक्षर दाबलं की कर्नल ते थेट ऐकतं. डेस्कटॉपला विचारत नाही. काही लॅपटॉपवर त्यासाठी एफएन कळही लागते.

अक्षरांचा प्रसिद्ध क्रम आहे: आर, ई, आय, एस, यू, बी. आर कीबोर्ड ग्राफिकल सेशनच्या ताब्यातून सोडवतो. ई सगळ्या प्रोसेसना सभ्यपणे बंद व्हायला सांगतो, आय त्यांना जबरदस्तीने संपवतो. एस डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून टाकतो, यू फाइल सिस्टिम फक्त-वाचनीय करतो आणि बी मशीन रिस्टार्ट करतो. प्रत्येक अक्षरामध्ये दोन-तीन सेकंद जाऊ द्या. आर दाबल्यावर लगेच पुढे न जाता एकदा कंट्रोल-ऑल्ट-एफ३ करून पाहावं. आधी न उघडलेला काळा पडदा कधी कधी आता उघडतो आणि रिस्टार्टची गरजच उरत नाही.

बहुतेक वितरणांत ही सोय अर्धवट बंद असते, आणि लोक ‘मी दाबून पाहिलं, काहीच झालं नाही’ म्हणतात ते यामुळेच. सध्याची किंमत अशी पाहा:

सिससीटीएल कर्नल.सिसआरक्यू

उबंटूवर ती १७६ असते, म्हणजे १२८, ३२ आणि १६ यांची बेरीज: फक्त रिस्टार्ट, फक्त-वाचनीय करणं आणि सिंक (राहिलेलं डिस्कवर लिहिणं). तिथे एस, यू, बी चालतात; आर, ई, आय चालत नाहीत. फेडोरावर १६, म्हणजे फक्त सिंक. तपास चालू आहे तोवर सगळं खुलं करून ठेवा. /ईटीसी/सिससीटीएल.डी/ या फोल्डरमध्ये ‘९०-सिसआरक्यू.कॉन्फ’ नावाची फाइल करून तिच्यात ‘कर्नल.सिसआरक्यू = १’ एवढी एकच ओळ लिहा आणि ‘सुडो सिससीटीएल --सिस्टिम’ चालवा. अनोळखी लोकांचा हात पोचतो अशा ठिकाणचं मशीन असेल तर तपास संपल्यावर किंमत पूर्ववत करा, कारण या कळांना पासवर्ड लागत नाही.

आणखी दोन अक्षरं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. डब्ल्यू हे अडकलेल्या प्रोसेसची यादी कर्नल लॉगमध्ये लिहितं आणि एल प्रत्येक प्रोसेसर काय करतोय ते लिहितं. हँगच्या वेळी आधी डब्ल्यू, मग एल, मग एस, आणि त्यानंतरच यू-बी. एवढं केलं तर पुढच्या पायरीत हाताला काहीतरी ठोस लागतं.

## पायरी ३: मागच्या बूटची नोंद वाचा

रिस्टार्ट झाल्यावर पहिली कमांड:

जर्नलसीटीएल -बी -१ -ई

-बी -१ म्हणजे मागचं बूट, आणि -ई थेट शेवटाकडे नेतं. फक्त कर्नलचे संदेश हवे असतील तर -के जोडा, फक्त चुका हव्या असतील तर ‘-पी ३’. मधल्या काळात दोन-तीनदा रिस्टार्ट केलं असेल तर ‘जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स’ने योग्य बूट शोधा.

मागचं बूट सापडतच नसेल तर नोंदी फक्त मेमरीत राहत आहेत. /व्हीएआर/लॉग/जर्नल हे फोल्डर तयार करून रिस्टार्ट केलं की त्या डिस्कवर टिकू लागतात. दुसरी अडचण अशी की जर्नल साध्या नोंदी डिस्कवर पक्क्या करण्याचं काम मुळात दर पाच मिनिटांनी करतं. मशीन एकदम मेलं तर नेमके शेवटचे क्षण हरवू शकतात. /ईटीसी/सिस्टिमडी/जर्नलडी.कॉन्फ या फाइलमध्ये ‘सिंकइंटरव्हलसेक’ (प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं) या ओळीपुढे १० सेकंद लिहिलं तर ही शक्यता बरीच कमी होते.

आता शेवटच्या शंभरेक ओळींत काय शोधायचं? ‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस’ म्हणजे रॅम संपली होती. ‘एनव्हीआरएम: एक्सआयडी’ हा एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचा आक्रोश. ‘जीपीयू हँग’ इंटेलचा, आणि ‘रिंग’ व ‘टाइमआउट’ हे शब्द असलेली ‘एएमडीजीपीयू’ची ओळ एएमडीची. ‘ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंड्स’ म्हणजे एखादी प्रोसेस दोन मिनिटांहून जास्त वेळ बहुधा डिस्कची वाट पाहत ताटकळली. ‘सॉफ्ट लॉकअप’ म्हणजे प्रोसेसरचा एक कोअर वीसेक सेकंद कर्नलमध्येच गुंतून पडला होता. ‘एमसीई: हार्डवेअर एरर’ दिसलं तर प्रोसेसर स्वतःच तक्रार करतोय आणि सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसण्यात अर्थ नाही.

लाल अक्षरातल्या प्रत्येक ओळीला घाबरू नका. निरोगी मशीनच्या लॉगमध्येही एसीपीआय आणि ब्लूटूथच्या डझनभर ‘एरर’ असतात. हँग न झालेल्या बूटची नोंद शेजारी ठेवून तुलना करा. दोन्हीकडे असलेली ओळ निरुपद्रवी समजायला हरकत नाही.

आणि काहीच सापडलं नाही तर? नोंदी नेहमीसारख्या चालल्यात आणि एका ओळीनंतर थेट शून्य, हाही पुरावाच आहे. कर्नलला दोन शब्द लिहायलाही सवड मिळाली नाही, म्हणजे संशय वीजपुरवठा, रॅम, प्रोसेसरच्या झोपेच्या अवस्था किंवा डिस्क अचानक गायब होण्याकडे जातो. /व्हीएआर/लिब/सिस्टिमडी/पीस्टोर हे फोल्डरही एकदा उघडून पाहा. कर्नल पॅनिक झालं असेल आणि मशीनच्या फर्मवेअरने साथ दिली असेल तर शेवटचे संदेश तिथे ठेवलेले असतात.

याच पायरीत एक साधा प्रश्न विचारून घ्या: हे कधीपासून होतंय? उबंटू-डेबियनवर /व्हीएआर/लॉग/एपीटी/हिस्ट्री.लॉग, फेडोरावर ‘डीएनएफ हिस्टरी’, आर्चवर /व्हीएआर/लॉग/पॅकमन.लॉग. त्रास सुरू होण्याच्या सुमारास नवं कर्नल, मेसा (ग्राफिक्सची लायब्ररी), एनव्हिडिया ड्रायव्हर किंवा ‘लिनक्स-फर्मवेअर’ आलं असेल तर बूट होताना ग्रबच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुनं कर्नल निवडा आणि त्यावर काही दिवस काम करा. यासारखी स्वस्त आणि निर्णायक चाचणी दुसरी नाही, तरी लोक ती सगळ्यात शेवटी करतात.

## पायरी ४: मेमरी संपल्याने येणारा हँग

डेस्कटॉपवर हा प्रकार फार दिसतो आणि तो ‘हँग’ म्हणून ओळखलाच जात नाही, कारण कर्नल मुळात थांबलेलं नसतं. ते भयंकर कामात असतं.

घडतं असं. रॅम भरत आली की कर्नल जागा मोकळी करायला लागतं. ज्या गोष्टी डिस्कवरून पुन्हा वाचता येतील त्या ते फेकून देतं, आणि त्यात चालू असलेल्या प्रोग्रॅमचा कोडसुद्धा येतो. पुढच्याच क्षणी तो कोड पुन्हा लागतो, म्हणून डिस्कवरून वाचला जातो, त्यासाठी दुसरं काहीतरी फेकलं जातं. प्रत्येक वेळी थोडी जागा मिळत राहते, त्यामुळे ‘आता जागा उरली नाही, कुणाला तरी मारा’ असं म्हणणारा ओओएम किलर जागाच होत नाही. स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) बंद केलं की हा त्रास जातो ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. स्वॅप नसलेलं मशीनही असंच गुदमरतं, उलट लवकर गुदमरतं.

खात्री करायला टर्मिनलमध्ये ‘व्हीएमस्टॅट १’ चालू ठेवून नेहमीचं काम करा. एसआय आणि एसओ हे रकाने सतत मोठे आकडे दाखवत असतील तर स्वॅपची ओढाताण चालू आहे. कर्नल ४.२० पासून याहून चांगलं मापही आहे: /प्रॉक/प्रेशर/मेमरी ही फाइल ‘कॅट’ने वाचा. ‘फुल’ या ओळीतला ‘एव्हीजी१०’ हा आकडा गेल्या दहा सेकंदांत किती टक्के वेळ सगळीच कामं मेमरीसाठी खोळंबली होती ते सांगतो. तो शून्याच्या आसपास असायला हवा. ‘फ्री -एच’ वापरत असाल तर ‘फ्री’चा रकाना सोडा आणि ‘अव्हेलेबल’ पाहा. रिकामी रॅम कॅशसाठी वापरली जाणं चांगलंच असतं.

त्या क्षणी सुटका हवी असेल तर ऑल्ट-सिसआरक्यू-एफ. कर्नल सर्वांत जास्त मेमरी खाणाऱ्या प्रोसेसला संपवतं. बहुतेक वेळा बळी ब्राउझरचा एखादा टॅब असतो आणि अर्ध्या मिनिटात मशीन परत हातात येतं.

कायमच्या उपायांत माझी पसंती आधी झेडरॅमला. रॅमचाच एक भाग संकुचित स्वॅप म्हणून वापरला जातो आणि डिस्कपर्यंत जाण्याची वेळ लांबते. फेडोरा ३३ पासून ते आपोआप चालू असतं. इतरत्र ‘झेडरॅम-जनरेटर’ किंवा ‘झेडरॅम-टूल्स’ हे पॅकेज टाकावं. झेडरॅम असेल तर ‘व्हीएम.स्वॅपिनेस’ ६० वरून १० वर आणण्याचा सगळीकडे फिरणारा सल्ला पाळू नका. तो फिरत्या डिस्कच्या काळातला आहे. संकुचित रॅमवर स्वॅप करणं स्वस्त पडतं, म्हणून आकडा वाढवायचा असतो, कर्नल ५.८ पासून तो २०० पर्यंत नेता येतो.

सोबत एक पहारेकरी ठेवा. ‘अर्लीओओएम’ हा छोटा प्रोग्रॅम उपलब्ध रॅम आणि स्वॅप दोन्ही १० टक्क्यांखाली गेले की सर्वांत जड प्रोसेस बंद करतो. फेडोरा ३४ आणि उबंटू २२.०४ पासून ‘सिस्टिमडी-ओओएमडी’ हा दुसरा पहारेकरी मुळातच चालू असतो. तो एकटी प्रोसेस न मारता तिचा अख्खा गट उडवतो. तुमचा ब्राउझर काही न सांगता एकदम नाहीसा होत असेल तर ‘जर्नलसीटीएल -यू सिस्टिमडी-ओओएमडी’ पाहा, आरोपी तिथे सापडेल.

मेमरीशी संबंधित एक वेगळाच प्रकार: पेन ड्राइव्हवर मोठी फाइल कॉपी करताना डेस्कटॉप अडखळतो. लिहायचा डेटा कर्नल आधी रॅममध्ये साठवतं आणि ही मर्यादा उपलब्ध मेमरीच्या २० टक्के असते. १६ जीबीच्या मशीनवर हा साठा जवळपास ३ जीबीपर्यंत जातो, आणि तो संथ पेन ड्राइव्हवर उतरेपर्यंत बाकीचं लिखाण रांगेत उभं राहतं. सिससीटीएलच्या फाइलीत ‘व्हीएम.डर्टी_बाइट्स = २६८४३५४५६’ आणि ‘व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स = १३४२१७७२८’ लिहिलं की साठा २५६ एमबीवर थांबतो. कॉपी पूर्ण झाल्याचा आकडाही मग खरा दिसू लागतो.

## पायरी ५: ग्राफिक्स

एसएसएचने आत जाता येत असेल तर आधी कार्ड आणि ड्रायव्हर ओळखा: ‘एलएसपीसीआय -के’ चालवा आणि व्हीजीए किंवा थ्रीडी लिहिलेल्या नोंदीखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ काय आहे ते पाहा.

ड्रायव्हरवर आरोप करण्याआधी डेस्कटॉपच दोषी नाही ना ते तपासावं. ग्नोममध्ये एक्स्टेन्शन मुख्य शेलच्या प्रोसेसमध्येच चालतात. एखादं एक्स्टेन्शन नेटवर्कची वाट पाहत अडकलं तर सगळा डेस्कटॉप त्याच्याबरोबर थांबतो, माउसचा बाण मात्र कधी कधी हलत राहतो. एक्स्टेन्शन्सच्या अ‍ॅपमधून सगळी एकदम बंद करा आणि दोन दिवस बघा. केडीई प्लाझ्मामध्ये पॅनल थिजलंय पण खिडक्या हलतात, तर फक्त प्लाझ्माशेल पडलंय. ‘सिस्टिमसीटीएल --यूजर रिस्टार्ट प्लाझ्मा-प्लाझ्माशेल’ पुरतं. हँग फक्त व्हिडिओ बघताना होत असेल तर ब्राउझरच्या सेटिंगमधलं हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करून पाहा.

लॉगिनच्या पडद्यावरून वेलँडऐवजी एक्स११ (किंवा उलट) निवडणं हीसुद्धा झटपट चाचणी आहे. ग्नोमच्या ताज्या आवृत्त्यांत एक्स११चं सेशन मुळात बंद केलेलं असतं. तिथे एक्सएफसीईसारखं दुसरं डेस्कटॉप तात्पुरतं टाकून तेच काम होतं. दोन्हीकडे हँग होत असेल तर ड्रायव्हर किंवा कार्ड.

एनव्हिडियाच्या बाबतीत एक्सआयडीपुढचा आकडा महत्त्वाचा. ७९ म्हणजे कार्ड पीसीआय बसवरून गळून पडलं: वीज, उष्णता किंवा नीट न बसलेलं कार्ड यांपैकी काहीतरी. १३ आणि ३१ बहुतेकदा एखाद्या अ‍ॅपच्या किंवा ड्रायव्हरच्या चुकीकडे बोट दाखवतात. नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर चालू असताना हँग होत असेल तर वितरणाच्या भांडारातला एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकून पाहा. भांडारातलाच टाका. एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरून उतरवलेली डॉट-रन फाइल पुढच्या कर्नल अपडेटला हमखास डोकेदुखी होते.

इंटेल आणि एएमडीच्या लॅपटॉपवर एक जुना संशयित आहे: पीएसआर, म्हणजे स्थिर चित्र असताना स्क्रीनने स्वतःच ते धरून ठेवण्याची वीज वाचवणारी सोय. चित्र थिजतं, पण आवाज चालू असतो आणि टाइप केलेलंही आत पोचत असतं, अशी लक्षणं असतील तर इंटेलवर ‘आय९१५.एनेबल_पीएसआर=०’ आणि एएमडीवर ‘एएमडीजीपीयू.डीसीडीबगमास्क=०एक्स१०’ देऊन पाहा.

पॅरामीटर आधी तात्पुरता द्यायचा. ग्रबच्या यादीत ई दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी तो लिहा आणि कंट्रोल-एक्सने बूट करा; पुढच्या रिस्टार्टला तो आपोआप निघून जातो. लागला आहे का ते ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’ने कळतं. उपयोग सिद्ध झाल्यावरच /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रबमधल्या ‘ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट’ (सगळी अक्षरं मोठी) या ओळीत घाला आणि उबंटू-डेबियनवर ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा. फेडोरावर ‘ग्रबी’ हेच काम करतं.

उपयोग सिद्ध कधी झाला म्हणायचा? आठवड्यातून एकदा हँग होणारं मशीन दोन दिवस नीट चाललं यातून काहीही सिद्ध होत नाही. दोन हँगमध्ये सरासरी जेवढं अंतर पडत होतं त्याच्या तिप्पट काळ शांततेत गेला तर तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता सुमारे ५ टक्के उरते. तोपर्यंत दुसरा कोणताही बदल करू नका. कागदावर दोन रकाने पुरे: हँगची तारीख-वेळ आणि त्या वेळी लागू असलेला बदल.

## पायरी ६: डिस्क

एसएसडी झोपेतून उठत नाही, हा एनव्हीएमईचा ठरलेला बिघाड. लॉगमध्ये ‘कंट्रोलर इज डाउन, विल रिसेट’ अशी ओळ असते. अर्थात ती लिहायला डिस्कच नसल्याने अनेकदा ती पडद्यावर किंवा एसएसएचमध्ये ‘डीएमईएसजी -डब्ल्यू’ उघडं ठेवलं तरच दिसते. ‘एनव्हीएमई_कोर.डिफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=०’ हा पॅरामीटर तिची झोप बंद करतो. फरक पडला तर ‘एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर गेट-अपडेट्स’ चालवून एसएसडीसाठी नवं फर्मवेअर आहे का ते पाहा. खरा उपाय तिथे असतो.

साटा डिस्क असेल तर ‘स्मार्टमोनटूल्स’ टाकून ‘सुडो स्मार्टसीटीएल -ए’ आणि पुढे डिस्कचं नाव. क्रमांक १९९ चा कच्चा आकडा वाढत असेल तर बहुधा केबल खराब आहे. क्रमांक ५ किंवा १९७ वाढत असेल तर तपास बाजूला ठेवून आधी बॅकअप घ्या.

डिस्क निरोगी असूनही फाइल मॅनेजर थिजत असेल तर ‘पीएस -ईओ पीआयडी,स्टॅट,डब्ल्यूचॅन,सीएमडी’ चालवून स्टॅटमध्ये मोठा डी असलेल्या प्रोसेस शोधा. त्या ‘किल -९’नेसुद्धा मरत नाहीत. बंद पडलेल्या सर्व्हरवरचं एनएफएस (नेटवर्कवरून जोडलेलं) फोल्डर लावलेलं असेल तर ते मुळातच अनंतकाळ वाट पाहतं. आणि ‘डीएफ -एच’ने रूट विभाजन १०० टक्के भरलेलं नाही ना, तेही पाहून घ्या.

## पायरी ७: लॉगमध्ये काहीच नाही, तेव्हा

आधी दुसऱ्या वितरणाचं लाइव्ह यूएसबी लावून त्यावर नेहमीइतकाच वेळ काम करा. तिथेही मशीन थिजलं तर तुमच्या इन्स्टॉलेशनमधली सेटिंग निर्दोष आहेत.

रॅमसाठी मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा. २०२२ मधल्या ६.०० आवृत्तीपासून ते यूईएफआय मशीनवरही चालतं. एक जरी चूक दिसली तरी ती खरी माना. मग बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग) बंद करून पुन्हा चाचणी, आणि तरीही चूक आली तर एकेक पट्टी काढून. चूक न दिसली म्हणून रॅम निर्दोष सुटत नाही, एवढंच.

मशीन कामात असताना नीट चालतं आणि मोकळं ठेवलं की मरतं? मग प्रोसेसरच्या खोल झोपेवर संशय घ्या. २०१७ च्या पहिल्या पिढीच्या रायझनवर हे गाजलेलं दुखणं आहे. बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ला ‘टिपिकल करंट आयडल’ करणं हा त्यावरचा उपाय. इंटेलच्या बे ट्रेल चिपवर ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१’ लागतं, त्याची किंमत बॅटरीत मोजावी लागते. हे दोन्ही उपाय त्या-त्या चिपसाठीच आहेत. नव्या मशीनवर ते सरसकट लावण्यात काही हशील नाही.

उलट, ताण आला की मरतं असेल तर ‘स्ट्रेस-एनजी --सीपीयू ० --टाइमआउट १०एम’ चालवा आणि शेजारच्या टर्मिनलमध्ये ‘वॉच सेन्सर्स’ ठेवा. आजचे प्रोसेसर तापले की आधी वेग कमी करतात आणि अगदीच झालं तर मशीन बंद करतात; निव्वळ प्रोसेसर तापल्याने स्क्रीन थिजणं तसं दुर्मीळ. डेस्कटॉप कॅबिनेटमध्ये अशा वेळी पॉवर सप्लाय बदलून पाहणं जास्त फळतं. ओव्हरक्लॉक किंवा अंडरव्होल्ट केलं असेल तर तपास सुरू करण्याआधीच ते पूर्ववत करायला हवं होतं.

फक्त झाकण उघडल्यावर हँग होत असेल तर /सिस/पॉवर/मेम_स्लीप वाचा. त्यात ‘डीप’ आणि ‘एस२आयडल’ दोन्ही असतील तर चौकटी कंसात नसलेला पर्याय वापरून पाहा.

## पायरी ८: बग रिपोर्ट

दोष कर्नलचा किंवा ड्रायव्हरचा आहे असं ठरलं तर तो कळवा. उबंटूसाठी लाँचपॅड, फेडोरासाठी रेड हॅटचं बगझिला. इंटेल आणि एएमडीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचे बग थेट फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर नोंदवता येतात. सोबत ‘यूनेम -आर’चं उत्तर, ‘एलएसपीसीआय -एनएनके’ आणि मागच्या बूटचा पूर्ण कर्नल लॉग फाइल म्हणून जोडा. पडद्याचा फोटो शेवटचा पर्याय. एनव्हिडियाचं बंदिस्त मॉड्यूल चालू असेल तर कर्नल स्वतःवर ‘टेंटेड’ असा शिक्का मारतं आणि मूळ कर्नलचे विकासक असे रिपोर्ट सहसा हाती घेत नाहीत. अशा वेळी ‘एनव्हिडिया-बग-रिपोर्ट.एसएच’ चालवून तयार होणारी फाइल एनव्हिडियाकडे पाठवावी.

कोणत्या कर्नलवर त्रास नव्हता आणि कोणत्यावर सुरू झाला हे दोन आकडे रिपोर्टच्या पहिल्याच ओळीत लिहा. विकासक आधी तेच विचारतात. दुरुस्ती असलेलं कर्नल वितरणात आलं की ग्रबमध्ये घातलेला पॅरामीटर काढा, तिप्पट काळाचा तोच नियम लावून मशीन तपासा आणि जो निकाल येईल तो त्याच रिपोर्टखाली नोंदवा.